लोअर आर्मचे बुश

गाडीचं पुढचं चाक सांगाड्याला जिथे जिथे जोडलेलं असतं, तिथे मध्ये कुठेतरी रबर असतंच. बॉनेट उघडल्यावर दोन्ही कडांना जी गोल माउंटिंग दिसतात, त्यांत रबर. खाली लोअर आर्म सांगाड्याला धरतो, तिथे रबर. ज्या इंजिनाकडून ड्राइव्हशाफ्ट चाकापर्यंत येतो, ते इंजिनही रबरी माउंटिंगवरच टेकलेलं. रस्त्यावरचा खड्डा तुमच्या पाठीपर्यंत पोचतो तो यांतलं कुठलं ना कुठलं रबर ओलांडून.

या सगळ्यांत लोअर आर्मच्या रबरांची, म्हणजे बुशांची, गोष्ट निराळी आहे. ते वरून दिसत नाहीत आणि हळूहळू झिजत असल्यामुळे चालवणाऱ्याला त्या बिघाडाची सवय होऊन जाते. बदलायला ते फार अवघडही नाहीत. पण बदलताना एक चूक इतकी सहज होते, की नवा बुश पहिल्या दिवसापासून फाटायला लागतो. ती चूक का होते हे समजायचं, तर आधी त्या बुशाचं काम काय ते पाहायला हवं.

एकाच आर्मवर सगळा भार

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची, म्हणजे स्विफ्ट, वॅगन आर, आय-टेन, टियागो यांची, पुढच्या चाकांची रचना मॅकफर्सन स्ट्रट या एकाच जातीची आहे. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकी अभियंता १९४०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये शेव्हरोले कॅडेट नावाची एक छोटी, स्वस्त गाडी घडवत होता. १९४७ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि १९५० साली ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल या गाडीतून त्याची रचना बाजारात आली.

त्याआधीच्या प्रचलित पद्धतीत चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म लागत. आपली प्रीमियर पद्मिनी त्याच पद्धतीची. मॅकफर्सनने वरचा आर्म काढून टाकला आणि स्प्रिंग व शॉकअॅब्सॉर्बर यांच्या उभ्या खांबालाच चाक वरून धरायला लावलं. सुटे भाग कमी झाले, खर्च उतरला आणि पुढे आडवं इंजिन बसवायला जागा मोकळी झाली. डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली, तिच्याही पुढच्या चाकांना स्ट्रटच होते.

वरचा आर्म गेल्यामुळे चाक पुढे-मागे आणि आत-बाहेर जाऊ न देण्याचं बरंचसं काम खालच्या आर्मवर आलं. आजच्या गाड्यांत हा आर्म साधारण इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा असतो. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, तो चाकाला धरणाऱ्या नकलला जोडलेला. आतल्या बाजूला दोन टोकं असतात आणि त्या दोन्हींत एकेक बुश. त्यांतून जाणारे बोल्ट आर्मला सांगाड्याशी किंवा सबफ्रेमशी बांधतात. (जुन्या मारुती ८०० मध्ये आर्म सरळ होता आणि त्याला पुढे-मागे धरून ठेवायचं काम दोन्ही आर्मना जोडणारा स्टॅबिलायझर बारच करायचा. त्यामुळे त्या गाडीत बारचे बुश गेले की चाकच जागेवरून हलू लागे.)

दोन बुशांनी कामं वाटून घेतलेली असतात. पुढचा बुश सहसा लहान आणि कडक. वळणावर चाक आत-बाहेर ढकललं जातं, तो भार मुख्यतः त्याच्यावर येतो. मागचा बुश मोठा आणि मऊ असतो. अनेक गाड्यांत त्याच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. चाक खड्ड्याच्या काठावर आदळलं की त्याला काही मिलिमीटर मागे सरकू द्यायचं आणि पुन्हा जागेवर आणायचं, हे त्याचं काम. तेवढं सरकणं नसेल, तर प्रत्येक काठाचा दणका थेट पत्र्यात उतरेल.

ब्रेक लावल्यावर हाच मागचा बुश सगळ्यात जास्त ताणला जातो. माणसांसकट १,००० किलोची गाडी जोरात ब्रेक मारून गुरुत्वत्वरणाच्या सत्तर टक्के दराने थांबते आहे असं धरा. थांबवणारं बल ७०० किलो वजनाइतकं झालं. गाडी पुढे झुकत असल्याने त्यातला साधारण सत्तर टक्के वाटा पुढच्या दोन चाकांचा. म्हणजे एकेका चाकाला जवळपास अडीचशे किलोचा रेटा मागे ढकलतो. तो पेलतो तो आर्म, आणि आर्मला पेलतात हे मुठीत मावणारे दोन बुश.

न सरकणारा सांधा

दाराच्या बिजागरीत लोखंडी खिळ्याभोवती लोखंडी कडं फिरतं. एक भाग दुसऱ्यावर सरकतो, म्हणून तिला तेल लागतं, आणि तेल संपलं की ती कुरकुरते. लोअर आर्मसुद्धा चाकाबरोबर खाली-वर होतो, म्हणून त्याचा बुशही असाच फिरत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात नेहमीच्या रबरी बुशात काहीच सरकत नाही.

बुशाचे तीन थर असतात. बाहेरची नळी आर्मच्या भोकात गच्च ठोकून बसवलेली. आतल्या नळीतून बोल्ट जातो. तो आवळला की आतली नळी सांगाड्याच्या दोन कानांमध्ये चिमटली जाते आणि जागची हलत नाही. मधलं रबर दोन्ही नळ्यांना कारखान्यातच रसायनाने चिकटवलेलं असतं. आर्म वर गेला की बाहेरची नळी त्याच्याबरोबर फिरते, आतली फिरत नाही, आणि मधलं रबर पिळलं जातं. आर्म परत आला की पीळ सुटतो. घासणारे पृष्ठभागच नसल्यामुळे ग्रीस लागत नाही. जुन्या गाड्यांना ठरावीक अंतराने ग्रीसिंग करून घ्यावं लागे. त्यातला बराच व्याप या चिकटवलेल्या रबराने संपवला.

हे रबरालाच का जमतं? चार्ल्स गुडइयरने १८३९ साली कच्चं रबर गंधकाबरोबर तापवलं, तेव्हा उन्हात चिकट होणारा आणि थंडीत तडकणारा हा पदार्थ लवचीक आणि टिकाऊ झाला. गंधकाने रबराच्या लांब साखळ्यांना जागोजागी एकमेकींशी बांधून टाकलं. त्यामुळे ताणलं तरी साखळ्या निसटत नाहीत आणि सोडलं की मूळ जागी येतात. दुसरा गुण असा, की रबराचा आकार सहज बदलतो, पण घनफळ जवळजवळ बदलत नाही. दाबलं की ते बाजूला सरकायला बघतं. बुशाच्या नळ्यांमध्ये त्याला बाजूला जायला जागाच नसते, म्हणून आडव्या दाबाला ते चांगलंच कडक लागतं. तेच रबर पिळायला मात्र मऊ असतं. चाकाला आडवं हलू द्यायचं नाही आणि खाली-वर होऊ द्यायचं, ही दोन्ही कामं एकच तुकडा करतो. ज्या दिशेला थोडी ढिलाई हवी, त्या दिशेला रबरात पोकळी ठेवली की झालं. म्हणूनच पोकळ्यांचा बुश भलत्या दिशेला बसवला, तर भाग खरा असूनही गाडी बिघडते.

रबर कशाने जातं

पहिला शत्रू हवेतच असतो. ओझोनचं अगदी थोडं प्रमाणही ताणलेल्या रबराच्या साखळ्या तोडतं, आणि ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पडतात. त्यात उष्णतेची भर पडते. विदर्भातल्या उन्हाळ्यात डांबरावर उभ्या गाडीच्या पोटाखाली रबर हळूहळू कडक होत जातं. तिसरा शत्रू इंजिनातून गळणारं तेल. तेलाने नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं आणि नळीपासून सुटतं. एका बाजूचाच बुश वारंवार जात असेल, तर वर कुठे तेलाची गळती आहे का ते आधी बघावं. कोकणातल्या पावसात आणखी एक गोष्ट होते. बोल्ट आतल्या नळीत गंजून बसतो. बुश काढायच्या दिवशी कामाचा निम्मा वेळ त्या एका बोल्टपायी जातो.

आणि मग रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असायला हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो अलगद ओलांडता येतो. गावोगावच्या हातभर रुंदीच्या उंचवट्यांना हे माप माहीत नसतं. त्यांवर चाक वर चढत नाही, आदळतं, आणि तो धक्का मागच्या बुशाच्या वाट्याला येतो. उतरत्या घाटात वळणाच्या आत ब्रेक मारला की दोन्ही बुशांवर एकदम भार पडतो.

आवाज नेमका कुठला

“पुढून खडखड येते” एवढ्यावरून बुश बदलायला सांगणारं गॅरेज सोडून दुसरं बघावं. पुढच्या बाजूला आवाज करणारे भाग अनेक आहेत आणि प्रत्येकाची सवय वेगळी असते.

खराब रस्त्यावर हळू जाताना बारीक, सतत खडखड येत असेल, तर पहिला संशय स्टॅबिलायझर लिंकवर घ्यावा. तो भाग स्वस्त आहे आणि पटकन बदलता येतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि वरून ‘टण्’ असा आवाज आला, तर स्ट्रटचं वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग बघावं. लोअर आर्मचा मागचा बुश गेला असेल, तर आवाज एकेकटा येतो: ब्रेक लावताना एक ‘ठक्’, किंवा रिव्हर्समधून पहिल्या गिअरला येताना एक ‘ठक्’. रेट्याची दिशा बदलली की आर्म एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाऊन आपटतो, तो हा आवाज. त्याच्या जोडीला आणखी काही खुणा असतात. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. द्रुतगती मार्गावर स्टिअरिंग सारखं थोडं थोडं सावरावं लागतं. टायरची एक कड दुसरीपेक्षा लवकर झिजते.

चाक हवेत असताना हातानेही बरंच कळतं. चाक वर-खाली धरून हलवलं आणि ढिलाई लागली, तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. फक्त डावी-उजवीकडे धरून हलवताना लागली, तर स्टिअरिंगचे एन्ड. दोन्हीकडे सारखीच लागली, तर बेअरिंगचा संशय पक्का. बुश मात्र हाताच्या जोराला सहसा दाद देत नाही. त्यासाठी गाडी रॅम्पवर घेऊन आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये टॉमी घालून जोर द्यावा लागतो. चांगला बुश थोडा हलून लगेच परत येतो. गेलेल्या बुशात आतली नळी केंद्रातून सरकलेली दिसते किंवा रबर नळीपासून सुटून फट उघडते. वरवरच्या बारीक भेगा पाहून घाई करू नये, त्या वयाच्या असतात. भेग खोल गेली असेल किंवा रबर धातूपासून सुटलं असेल, तरच बुश गेला असं समजावं. काही मोठ्या गाड्यांत मागच्या बुशाच्या पोटात द्रव भरलेला असतो. तिथे काळपट ओघळ दिसला की निकाल लागला.

बुश घ्यावा की अख्खा आर्म

सुट्या भागांच्या दुकानात तुम्हाला दोन्ही मिळतील: सुटे बुश, किंवा बुश आणि बॉल जॉइंट बसवलेला तयार आर्म. सुटे बुश स्वस्त पडतात, पण ते बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागते आणि त्या मजुरीचा हिशोब वेगळा. बॉल जॉइंट आर्मलाच रिव्हेट केलेला असेल आणि गाडीही बरीच चाललेली असेल, तर अख्खा आर्म घेणं शहाणपणाचं. बॉल जॉइंटचं रबरी बूट शाबूत आहे, ढिलाई नाही आणि आर्म कुठे वाकलेला नाही, तर नुसते बुश पुरेत. दोन्ही बाजू एकदम कराव्यात. डावी-उजवीकडे कडकपणा वेगळा राहिला, तर ब्रेक मारताना गाडी ओढतच राहते.

पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही मिळतात. ते तेलाला आणि झिजेला जास्त दाद देत नाहीत आणि स्टिअरिंग नेमकं वाटतं. पण त्यांत रबरासारखा पीळ नसतो. ते आतल्या नळीभोवती खरोखर फिरतात, म्हणून त्यांना त्यांचं खास ग्रीस लागतं. ते सुकलं की आवाज सुरू होतो, आणि रस्त्याचा कंप आत जास्त येतो. रोज घर ते कचेरी करणाऱ्या गाडीला कंपनीच्या मापाचं रबरच बरं.

काढणं आणि बसवणं

हे काम ज्याला नट-बोल्टांची सवय आहे त्याला घरी जमण्यासारखं आहे, पण गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नये. मागच्या चाकांना ओट लावायची, हॅन्डब्रेक ओढायचा, सांगाड्याच्या मजबूत जागी दोन घोड्या द्यायच्या, गाडी हलवून खात्री करायची, आणि मगच चाक काढायचं.

बॉल जॉइंट नकलमध्ये एका आडव्या बोल्टने चिमटलेला असेल, तर तो बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो. बॉल जॉइंटच्या दांड्याला एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. नुसता सैल करून आर्मवर घण घालत बसलं, तर खाचेची वाट लागते आणि दांडा सुटत नाही. तो सुटला की चाकाचा हब बाहेरच्या बाजूला ओढू नये. ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट उचकटण्याची भीती असते. मग आतल्या बाजूचे दोन बोल्ट. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं.

आर्म हातात आला की जुना बुश काढण्याआधी त्याची दिशा आणि खोली खडूने किंवा पोगराने आर्मवर खुणेने नोंदवून ठेवावी. पोकळ्या कुठे आहेत हे बुश निघाल्यावर आठवत नाही. पेटवून रबर जाळण्याची पद्धत काही गॅरेजांत अजून दिसते. तिचा धूर विषारी असतो आणि आर्मच्या पोलादालाही ती आच चांगली नाही. प्रेस नसेल, तर आर्म एखाद्या लेथवाल्याकडे न्यावा. दोन बुश दाबून काढणं आणि बसवणं हे त्याच्या हातचं काम असतं. नळी गंजून अडली, तर हॅकसॉने तिला आतून एक चीर दिली की ती आकसते. चीर आर्मपर्यंत जाऊ द्यायची नाही.

नवा बुश दाबताना जोर फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर द्यायचा. त्यासाठी तेवढ्याच मापाचा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा घ्यावा. आतल्या नळीवर किंवा रबरावर जोर दिला, तर चिकटवलेला थर बसवण्याआधीच सुटतो. भोक वायर ब्रशने साफ करावं. बुश अडत असेल, तर साबणाचं पाणी लावावं. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावलं, तर शत्रूला आपणच आत घेतलं.

शेवटचा बोल्ट

आता ती चूक. आर्म जागेवर बसला, बोल्ट घातले, गाडी अजून घोड्यांवर आहे, चाक नाही, हात मोकळे आहेत, पाना हातात आहे. साहजिकच मेकॅनिक बोल्ट तिथेच कचकचून आवळतो. पण या क्षणी आर्म खाली लोंबकळतो आहे.

आर्म ३५ सेंटीमीटर लांब आहे आणि लोंबकळताना त्याचं बाहेरचं टोक नेहमीच्या जागेपेक्षा ८ सेंटीमीटर खाली आहे असं धरू. म्हणजे आर्म सुमारे १३ अंश खाली वळलेला आहे. याच स्थितीत बोल्ट आवळला, तर आतली नळी तिथेच चिमटली जाते. गाडी खाली उतरवली की आर्म १३ अंश वर येतो आणि रबर तेवढंच पिळलं जातं. गाडी रात्रभर दारात उभी असली, तरी तो पीळ कायम. आता गतिरोधकावर चाक आणखी ६ सेंटीमीटर वर गेलं, की त्यात १० अंशांची भर पडते. योग्य बसवलेल्या बुशाला जिथे १० अंश सोसायचे होते, तिथे याला २३ सोसावे लागतात. हे प्रत्येक खड्ड्याला. शिवाय ताणलेल्या रबरावरच ओझोनचा मारा जास्त होतो, तोही आता चोवीस तास चालू. मग बुश फाटतो आणि दोष दुकानदाराच्या मालाला दिला जातो.

उपाय साधा आहे. बोल्ट आधी हाताने आणि मग पान्याने फक्त बसतील एवढेच घ्यायचे. चाक लावून गाडी खाली घ्यायची, पुढून दोन-तीनदा दाबून सोडायची, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी येतं, आणि मग गाडी चाकांवर उभी असताना बोल्ट शेवटचे आवळायचे. खाली जायला जागा नसेल, तर घोड्या तशाच ठेवून आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक द्यायचा आणि आर्म नेहमीच्या उंचीला आणायचा. ती उंची कळण्यासाठी काम सुरू करण्याआधीच, गाडी जमिनीवर असताना, चाकाचा मध्य ते मडगार्डची कड हे अंतर टेपने मोजून लिहून ठेवायचं. आवळताना टॉर्क रेंच आणि त्या गाडीच्या पुस्तकातला आकडा वापरायचा. नायलॉनचं कडं असलेले नट एकदा काढले की नवेच लावायचे.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

बुश बदलले की आर्म काही मिलिमीटर का होईना, जागा बदलतो आणि चाकाची दिशाही बदलते. टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत मिळून ३ मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो. पण ५६० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर तो हजारी पाचच्या पुढे जातो. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला त्या चाकाची दिशा सरळ वाटेपासून पाच मीटर बाजूला जाणारी असते, आणि गाडी सरळच जात असल्याने तेवढं घासणं टायर सोसतो. म्हणून बुशांनंतर अलाइनमेंट हवंच. उलट बुश गेलेले असताना केलेलं अलाइनमेंट फुकट जातं. यंत्रासमोर उभ्या गाडीचे आकडे हिरवे दिसतात, आणि पहिल्याच ब्रेकला आर्म सरकून ते बदलतात. दर काही महिन्यांनी अलाइनमेंट करूनही टायरच्या कडा खाल्ल्या जात असतील, तर पुन्हा यंत्रावर जाण्याआधी बुश तपासून घ्यावेत.

काम गॅरेजला देणार असाल, तर भावाची घासाघीस करण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा: “दादा, आर्मचे बोल्ट फायनल कधी आवळणार?” “गाडी खाली घेतल्यावर” असं उत्तर आलं, तर किल्ली द्यायला हरकत नाही.